जबडा आखडणं, कानशिलातली डोकेदुखी आणि नाईट गार्ड: अनुभव आणि माहिती हवी/देतेय

सदाफुली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं पण या विषयावर स्वतंत्र धागा सापडला नाही म्हणून काढतेय. माझी डोकेदुखी खूप जुनी, दोन्ही कानशिलांत आणि कपाळाभोवती आवळल्यासारखी, मळमळ नाही, उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, पण सकाळी डोळे उघडायच्या आधीच डोकं धरलेलं असायचं. चष्म्याचा नंबर बदलून झाला, सायनसचा एक्सरे झाला, पित्ताचं पथ्य झालं, सासूबाईंनी प्रेमाने सुंठेचा लेप लावून दिला तोही झाला. न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासून टेन्शन टाइप डोकेदुखी सांगितली आणि रात्री घ्यायची एक छोट्या डोसची गोळी दिली, तिने थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

मग खालची उजवी दाढ ठणकायला लागली. एक्सरेमध्ये कीड नाही, मुळाशी पू नाही, थंड-गरम लागत नाही. एका ठिकाणी तर थेट रूट कॅनल सुचवलं होतं पण मन होईना, म्हणून दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले आणि त्यांनी दाढेला हात लावायच्या आधी माझ्या दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर, दोन बोटांनी दाबून धरलं. काही सेकंदांत तीच दाढ ठणकायला लागली! मग कानशिलावर तसंच दाबलं आणि विचारलं, हीच का तुमची डोकेदुखी? हो, अगदी हीच. त्यांनी आरशात मला गालाच्या आत दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी कड दाखवली, सुळ्यांची टोकं झिजून सपाट झालेली दाखवली. मी झोपेत दात खाते आणि दिवसा कॉम्प्युटरसमोर दातावर दात आवळून बसते हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

सध्या रात्री वरच्या दातांवर कडक अॅक्रिलिकचा (प्लास्टिकचा) स्प्लिंट, म्हणजेच नाईट गार्ड, घालते. सकाळची डोकेदुखी खूप कमी झाली आहे, दाढ शांत आहे. पण मला ठामपणे वाटतं की नुसत्या स्प्लिंटने हे झालेलं नाही, दिवसाची सवय मोडल्यावर खरा फरक पडला. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी लिहा, उपाय केलेल्यांनी तर नक्की लिहा, कारण आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या गोळ्या खातात आणि जबडा कुणी तपासतच नाही.

पन्हाळगड

ताई हे माझंच वर्णन केलंत. बायको म्हणते रात्री दात असे करकरतात की तिला जाग येते. माझे प्रश्न: हे कवळीसारखं असतं का? घालून झोप लागते का? आणि ऑनलाइन ते गरम पाण्यात टाकून चावायचं गार्ड मिळतं, क्रिकेट-बॉक्सिंगवाल्यांसारखं, ते घेतलं तर चालेल का, स्वस्त आहे म्हणून विचारतोय.

वैनगंगा

पन्हाळगड, मी दातांची डॉक्टर आहे, प्रोस्थो (कवळी, कॅप वगैरे कृत्रिम दात) विषयात एमडीएस, नागपूरला प्रॅक्टिस करते. इथे कुणाला तपासल्याशिवाय निदान देणार नाही, पण माहिती देऊ शकते.

आधी एक प्रयोग करा. दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा आणि दात आवळा. बोटाखाली जो फुगतो तो टेम्पोरॅलिस, कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला चावण्याचा स्नायू. गालात तसाच दुसरा, मॅसेटर, गालफडाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. हे दोघं थकले की दुखणं जिथे आहे तिथेच राहत नाही, मॅसेटरचं दुखणं दाढांत आणि कानात जाणवतं, टेम्पोरॅलिसचं कानशिलात आणि वरच्या दातांत. सदाफुलीताईंची दाढ त्यामुळेच ठणकत होती, आणि अशा कित्येक धडधाकट दाढांची रूट कॅनल होतात याचं मला फार वाईट वाटतं. कान दुखतो म्हणून ईएनटीकडे जाऊन कान स्वच्छ निघालेले पेशंट तर रोजचे आहेत. १९३४ मध्ये हा सगळा प्रकार एकत्र करून मांडणारे कॉस्टन हे मुळात अमेरिकेतले कान-नाक-घशाचेच डॉक्टर होते.

आता महत्त्वाचं. शांत बसल्यावर ओठ मिटलेले असतात पण वरखालचे दात टेकलेले नसतात, मधे दोन ते चार मिलिमीटर फट असते. दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना, अख्ख्या दिवसाचं मिळून वीस मिनिटांच्या आतबाहेर. ज्यांचे दात तासन्‌तास टेकलेले असतात त्यांच्या स्नायूंना विश्रांतीच मिळत नाही.

गरम पाण्यातलं गार्ड खेळताना मार बसू नये म्हणून असतं. ते मऊ, जाड, आणि चावल्यावर सगळीकडे सारखं टेकत नाही. मऊ गार्ड काही जण चघळत बसतात आणि स्नायू उलट जास्त काम करतात. १९८७ मध्ये ओकेसन या अमेरिकन दंततज्ज्ञांनी दहा जणांवर छोटासा अभ्यास केला होता, कडक स्प्लिंटने दहापैकी आठ जणांची रात्रीची स्नायूंची हालचाल कमी झाली आणि मऊ गार्डने पाच जणांची वाढली. दहाच माणसं आहेत, त्यावरून नियम करता येत नाही, पण क्लिनिकमध्ये मलाही असंच दिसतं. म्हणून मी कडक, सपाट, सगळे दात झाकणारा स्प्लिंट देते. याला मिशिगन स्प्लिंट म्हणतात कारण तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात रॅमफ्योर्ड आणि अॅश यांनी विकसित केला.

पन्हाळगड

बाप रे, केलं आत्ताच, कानशील खरंच फुगतं. कधी लक्षातच आलं नव्हतं. पण डॉक्टर, बनवतात कसं ते सांगा ना, आणि ते घातल्यावर दात खाणं बंद होतं का?

वैनगंगा

दोन्ही जबड्यांची मापं घेतात, अल्जिनेटने (मापाच्या मऊ लगद्याने) किंवा आता स्कॅनरने, आणि जबडा सैल असताना चाव्याची नोंद. लॅबमध्ये प्लास्टिक घडवतात किंवा मशीनने कोरतात. दाढांपाशी जाडी साधारण दोन मिलिमीटर. पण खरं काम तो तोंडात बसवल्यावर सुरू होतं. निळा-लाल कागद चावायला देऊन बघायचं, सगळ्या खालच्या दातांचे ठिपके सारखे उमटले पाहिजेत, एकाच दाढेवर गडद ठिपका आला तर तिथलं प्लास्टिक घासायचं, परत चावायला द्यायचं. जबडा डावी-उजवीकडे सरकवला की फक्त सुळ्यांवर रेघ उमटली पाहिजे. यात वेळ जातो, कंटाळा येतो, पण हे न करता हातात डबी देऊन "घाला रोज रात्री" असं सांगितलं तर तो स्प्लिंट नाही. आणि स्नायू सैल पडले की जबड्याची ठेवण थोडी बदलते म्हणून काही दिवसांनी परत बोलावून परत घासावं लागतं.

दात खाणं बंद होईलच असं नाही. कितीतरी पेशंटच्या स्प्लिंटवर काही महिन्यांनी ओरखडे दिसतात, म्हणजे खाणं चालूच आहे, फक्त दातांऐवजी प्लास्टिक झिजतंय आणि भार वाटला जातोय. बऱ्याच जणांचं दुखणं तरीही कमी होतं.

रानवारा

माफ करा पण जरा थांबा. मला पण जबड्याचं दुखणं आहे आणि मी स्प्लिंटवर पैसे घालवायच्या आधी वाचन केलं. २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी संशोधन संस्थेने पन्नासहून जास्त ट्रायल एकत्र करून बघितल्या आणि स्प्लिंटने दुखणं कमी होतं असा पुरावा मिळाला नाही असं लिहिलं. २०२३ च्या डिसेंबरात बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जुनाट जबडादुखीसाठी मार्गदर्शक शिफारशी आल्या, त्यात तर साधा काढता येणारा स्प्लिंटसुद्धा "सहसा नको" या यादीत आहे. वर आलेत व्यायाम, हाताने केलेली फिजिओ आणि सवयी-विचारांवर काम करणारी सीबीटी. मग प्रत्येक डेंटिस्ट पहिल्या भेटीतच स्प्लिंट का काढतो? मी कुणावर आरोप करत नाहीये, पण पेशंटला हे सांगितलं तरी गेलं पाहिजे ना.

वैनगंगा

रानवारा, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे आणि ते इथे आलं याचा मला आनंद आहे. दोन्ही ठिकाणी असंही लिहिलंय की उपलब्ध पुरावाच कमी दर्जाचा आहे, निरनिराळे स्प्लिंट आणि निरनिराळे पेशंट एकत्र मोजले गेलेत, आणि बीएमजेची ती शिफारस कडक मनाई नाही, पेशंटशी बोलून ठरवा अशा प्रकारची आहे. कडक मनाई आहे ती चाव्याची ठेवण कायमची बदलणाऱ्या उपकरणांना. तरीपण तुमचा मूळ मुद्दा मान्य, पहिला उपचार स्प्लिंट नसावा. मी आधी समजावणं, सवय, शेक, व्यायाम, मऊ खाणं हे काही आठवडे करायला लावते, आणि बऱ्याच जणांना त्यानेच पुरतं. स्प्लिंट कुणाला? ज्यांची सकाळ दुखऱ्या जबड्याने होते, ज्यांचे दात झिजतायत किंवा फिलिंग-कॅप तुटतायत, त्यांना. दात वाचवण्यासाठी तर तो हवाच.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते, इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. "तुमचा चावा चुकलाय, दात घासून जमवू", "सगळ्या दातांना कॅप घालू म्हणजे डोकेदुखी जाईल" असं कुणी म्हणालं तर उठून या. घासलेला दात परत येत नाही. स्प्लिंटचं मोठं बळ हेच आहे की पटला नाही तर काढून डबीत ठेवता येतो.

स्वरदा

मी शास्त्रीय गाणं शिकते, म्हणून माझा अनुभव वेगळा असेल. वरच्या सप्तकात आकार लावताना जबडा आवळला जायचा आणि उजव्या कानापाशी कट्‌कन आवाज. गुरुजी कायम म्हणायचे जबडा सैल सोड, पण सैल म्हणजे काय हेच शरीराला कळत नव्हतं. रियाज संपला की कानशिलं जड. मी स्प्लिंट घेतला पण सकाळी काढल्यावर थोडा वेळ दात नीट जुळत नाहीत असं वाटतं आणि तेवढ्यात रियाजाला बसलं की स-श नीट उमटत नाही, म्हणून आता काढल्यावर आधी आंघोळ, चहा, आणि मग तानपुरा. मला जास्त उपयोग झाला तो फिजिओकडे शिकलेल्या जिभेच्या व्यायामाचा. जीभ टाळूला ठेवून तोंड उघडलं की कट्‌ आवाज येतच नाही!

वैनगंगाताई, तो आवाज धोक्याचा असतो का? सकाळी दात न जुळणं बरोबर आहे का?

वैनगंगा

आवाज सांध्यातली चकती पुढे सरकून परत जागेवर येते त्याचा असतो, खूप निरोगी लोकांत असतो. दुखत नसेल आणि अडकत नसेल तर त्याला काहीही करायचं नसतं, एमआरआय पण नको. मात्र आवाज अचानक बंद झाला आणि तोंड उघडणंच कमी झालं, तर चकती अडकलेली असू शकते, तेव्हा लवकर दाखवा.

सकाळी दात थोडा वेळ न जुळणं चालतं. दुपारपर्यंत जुळले नाहीत, किंवा पुढच्या दातांत कायमची फट दिसायला लागली तर वापर थांबवून दाखवायचं. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी उपकरणं असतात, अमेरिकेत त्यातल्या एकाला मायग्रेनसाठीही परवानगी आहे, काहींना उपयोगही होतो, पण मागच्या दातांवर काहीच टेकत नसल्याने ते दात महिनोन्‌महिने वापरात वर सरकू शकतात आणि पुढे फट पडते. शिवाय इतकी छोटी वस्तू झोपेत गिळली जाण्याची भीती. मी देत नाही.

कृष्णाकाठ

मी फिजिओ, सांगलीला. धागा बघून फार बरं वाटलं कारण आमच्याकडे मानेसाठी पेशंट येतात आणि निम्म्या वेळा जबडा पण आखडलेला असतो पण ते सांगतच नाहीत. घरी करता येईल ते लिहितो. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे, नाकाने श्वास, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. आता जीभ तिथून न हलवता तोंड हळू उघडा, जीभ सुटायला लागली की थांबा, मिटा. सहा वेळा, दिवसातून सहा वेळा, त्याहून जास्त नको, ताकद लावायची नाही. गालावर आणि कानशिलावर ओला गरम टॉवेल पंधरा-वीस मिनिटं, नंतर बोटांच्या पेरांनी मॅसेटरवर वरून खाली सावकाश दाब. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड फार उघडणार नाही.

खाण्यात आमच्या भागात ऊस दाताने सोलून खायची सवय फार, ती बंद. भाजलेलं कणीस किसून किंवा दाणे काढून, चिक्की नको, सुपारी आणि च्युइंगगम तर अजिबात नको. एका बाजूने चावणं, तळहातावर हनुवटी टेकून मोबाईल बघणं, खांदा-कानात फोन धरून बोलणं, पालथं झोपणं, ही सगळी कारणं मला रोज दिसतात. आणि कॉम्प्युटरच्या कडेला एक लाल टिकली चिकटवा, टिकली दिसली की बघायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर सुटे करा, खांदे खाली सोडा.

सदाफुली

टिकलीचं मी पण करतेय! जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवसांत तर दर वेळी बघितलं की दात आवळलेलेच सापडायचे. आता स्कूटीवर सिग्नलला थांबले की पण आपोआप तपासलं जातं.

अजून एक लिहायचं राहिलं. न्यूरोच्या डॉक्टरांनी मला गोळ्यांचा हिशोब ठेवायला लावला होता कारण साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मिश्र औषधांच्या गोळ्यांना तर दहाच दिवस. मेडिकलमधून पट्टी आणून खाणाऱ्यांनी कॅलेंडरवर खुणा करून बघा.

अनघा_म्युनिक

इकडे जर्मनीत हा प्रकार इतका सर्रास आहे की ऑफिसात कुणालाही विचारलं तर घरी एक स्प्लिंट असतोच. सरकारी आरोग्य विमा साध्या स्प्लिंटचा खर्च देतो आणि दातांचे डॉक्टरच फिजिओची चिठ्ठी पण लिहून देतात, मला दोन्ही एकत्र मिळालं. फिजिओ हातमोजा घालून तोंडाच्या आतून गालाचा स्नायू दाबते, पहिल्यांदा जीव जातो पण नंतर तोंड उघडताना जो मोकळेपणा वाटतो तो शब्दांत सांगता येत नाही. कृष्णाकाठ, भारतात हे करतात का? आई सोलापूरला असते, तिला पण हवंय.

कृष्णाकाठ

करतात, पण सगळे नाही. फोनवर आधी विचारा की टीएमजेचे, म्हणजे जबड्याच्या सांध्याचे, पेशंट बघता का. जवळ दंत महाविद्यालय असेल तर ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात दाखवून मग फिजिओ, हा क्रम चांगला.

भीमाशंकर

मंडळी माझं पण सकाळी डोकं दुखतं, जबडा पण दुखतो, दात खातो असं घरचे म्हणतात. घोरतो खूप, मिसेस म्हणते मधेच श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो. बीपीची गोळी चालू आहे. वय ५२. मी पण हा वरचा स्प्लिंट करून घेऊ का?

वैनगंगा

भीमाशंकरजी, आधी नको. श्वास थांबणं, घोरणं, बीपी, सकाळची डोकेदुखी, हे स्लीप अॅप्नियाचं चित्र आहे. तुमची आधी झोपेची तपासणी व्हायला हवी, छातीच्या किंवा ईएनटीच्या डॉक्टरांकडे. वरच्या जबड्याचा साधा स्प्लिंट अॅप्निया असलेल्या काही लोकांत श्वास थांबणं वाढवतो असं छोट्या अभ्यासात दिसलंय. अॅप्नियासाठी खालचा जबडा पुढे ओढून धरणारं वेगळं उपकरण असतं, ते वेगळ्या कामाचं, आणि त्याने उलट जबडा दुखू शकतो. दोन्हीची गल्लत करू नका. आधी तपासणी.

भीमाशंकर

धन्यवाद डॉक्टर, उद्याच चौकशी करतो.

रुद्राक्ष_चंद्रपूर

नमस्कार. माझं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. जबडा आखडला म्हणून एकाने नाईट गार्ड सांगितला. खर्रा खाऊन राहिलो बारा-तेरा वर्षांपासून. करू का?

वैनगंगा

भाऊ, नाईट गार्डचा इथे काही उपयोग नाही. आधी खर्रा बंद करा, आजपासून. खर्र्यातल्या सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, त्यातूनच तोंड उघडणं कमी होतं आणि आग होते. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड चाळीस मिलिमीटर किंवा जास्त उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो म्हणून तपासणी टाळायची नाही, गरज वाटली तर बायोप्सी करतात. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात या, ओरल मेडिसिन किंवा ओरल सर्जरी विभाग. खर्रा सुटत नसेल तर ते पण तिथे सांगा, सोडायला मदत करतात, लाजायचं नाही.

रुद्राक्ष_चंद्रपूर

ठीक आहे ताई. येतो या आठवड्यात. भावाला सोबत आणतो, तो पण खातो.

तगर

वैनगंगाताई प्लीज बघाल का. माझ्या आईचं वय ७१. आधी कधी डोकेदुखी नव्हती, आता दोन-तीन आठवड्यांपासून डावं कानशील दुखतंय, वेणी घालताना कंगवा लागला तरी दुखतं म्हणते. भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबली की बरं वाटतं, परत चावलं की परत. थकवा आहे, जेवण कमी झालंय. मी तुमचा धागा वाचून तिच्यासाठी स्प्लिंट करायचा विचार करत होते.

वैनगंगा

तगर, स्प्लिंट विसरा आणि हे वाचल्यावर उशीर करू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, डोक्याच्या त्वचेला हात लागला तरी दुखणं, चावताना जबडा भरून येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं, हे कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं, जायंट सेल आर्टरायटिस. आपल्याकडे कमी दिसतो म्हणून कुणाच्या चटकन मनात येत नाही. पण यात नजर अचानक आणि कायमची जाऊ शकते. आजच फिजिशियनकडे न्या, ईएसआर आणि सीआरपी रक्ततपासणी करायला सांगा, हाच शब्द वापरून विचारा. शंका पक्की असेल तर बायोप्सीची वाट न बघता स्टिरॉइड सुरू करतात. एका डोळ्याने अंधुक किंवा दोन-दोन दिसत असेल तर थेट इमर्जन्सीत.

तगर

कालच नेलं. ईएसआर ९० च्या वर आला, डॉक्टरांनी लगेच स्टिरॉइड सुरू केलं आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या डॉक्टरांकडे) पाठवलं, बायोप्सी सोमवारी. नजर ठीक आहे. आज सकाळी आई म्हणाली डोकं हलकं वाटतंय. काय बोलू, तुमचे उपकार फार मोठे आहेत.

सदाफुली

वाचून अंगावर काटा आला. तगर, आईंना लवकर बरं वाटो. वैनगंगाताई, असं कुणी सांगायला असतं म्हणून हे असे धागे हवेत.

रानवारा

मनापासून धन्यवाद डॉक्टर. आधी मी जे लिहिलं ते स्प्लिंटच्या विरोधात नव्हतं, माहितीच्या बाजूने होतं, आणि तुम्ही ज्या मोकळेपणाने उत्तर दिलंत त्याने मला पटलं की तपासून घ्यायला हवं. एक शंका: मला गेल्या वर्षी नैराश्यासाठी गोळ्या सुरू झाल्या आणि दात खाणं त्यानंतर वाढलं असं वाटतं. संबंध असतो?

वैनगंगा

असू शकतो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या काही गोळ्यांनी काही जणांत दात आवळणं वाढतं. पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही किंवा डोस तोडायचा नाही, मानसोपचाराच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा, ते डोस, वेळ किंवा गोळी बदलू शकतात. रात्रीची दारू, सिगरेट आणि उशिराची कॉफी यांचाही झोपेत दात खाण्याशी संबंध सापडलाय, त्यात काही असेल तर ते आधी कमी करून बघा.

मोगरा_वाई

मधेच विचारते. मुलगा सहा वर्षांचा, झोपेत दात खातो. सगळे म्हणतात पोटात जंत आहेत, दोनदा औषध दिलं तरी खातोच. त्याला पण गार्ड लागेल का?

वैनगंगा

जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, शाळेत जंतांची गोळी देतात ती त्यासाठी घ्या, दातांसाठी नको. लहान मुलांत दात खाणं खूप कॉमन, बहुतेकांचं मोठेपणी आपोआप थांबतं, आणि दुधाचे दात पडणार-नवे येणार अशा वयात गार्ड बसवत नाहीत. फक्त एक बघा, तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का? तसं असेल तर टॉन्सिल-अॅडेनॉइडसाठी ईएनटीला दाखवा.

पन्हाळगड

अपडेट देतो. माप देऊन आलो, पुढच्या आठवड्यात मिळणार. आधी तीन आठवडे कृष्णाकाठ दादांनी लिहिलेले व्यायाम आणि शेक केला, ऊस बंद केला, त्यानेच संध्याकाळची डोकेदुखी बरीच उतरली, सकाळची राहिली आहे. एक जुनी कॅप पण तुटलेली निघाली म्हणून डॉक्टर म्हणाले स्प्लिंट घेऊ. सदाफुलीताई, वापरणाऱ्याच्या दृष्टीने काय काय विचारून घेऊ? आणि तो ठेवायचा कसा?

सदाफुली

विचारा की पैशांत नंतरच्या घासायच्या भेटी धरल्यात का, कारण त्या नसतील तर अर्धं काम राहिलं. कडक आहे ना, सगळे दात झाकले जाणार ना, हे विचारा. बसवल्यावर घाई न करता निळा कागद चावून सगळीकडे सारखा लागतोय का ते तुम्ही स्वतः जिभेने आणि चावून बघा, एकीकडे आधी टेकत असेल तर खुर्चीतून उठायच्या आधीच सांगा, संकोच करू नका. पहिल्या काही रात्री लाळ जास्त येते आणि झोपेत काढून टाकला जातो, उशीखाली सापडतो, होतं ते, परत घालायचा. पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे कुठल्याही कामासाठी गेलात तरी तो बरोबर न्या, नवीन फिलिंग किंवा कॅप बसवली की तो परत जमवावा लागतो.

धुताना साधं गार पाणी आणि मऊ ब्रश, टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात. गरम पाण्यात टाकायचा नाही, उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही, वाकडा होतो. टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, जेवणाच्या टेबलावरून थेट कचऱ्यात जातो, आमच्या शेजारच्या काकूंचा गेला. आणि डबी भोकांची घ्या, बंद डबीत ओला राहिला की वास धरतो.